हत्तीरोगावरच्या औषधांचं संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सार्वत्रिक औषधोपचार मोहीम सुरू झाली आणि आशाताई गोळ्यांची पाकिटं घेऊन दारात आल्या, की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर या पट्ट्यात तेच तीन प्रश्न ऐकू येतात. मला काही झालेलं नाही, मग गोळ्या कशाला? इतकी वर्षं वाटताय, तरी रोग का जात नाही? आणि एकदा घेतलं की सुटलो, असं औषध का निघत नाही? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आरोग्य कर्मचारी देतात. तिसऱ्याकडे सहसा कोणी वळत नाही, म्हणून इथे भर त्यावर दिला आहे.

हत्तीरोग नेमका कशामुळे होतो?

वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी नावाच्या कृमीमुळे. भारतातले जवळजवळ सगळे रुग्ण याच कृमीचे आहेत. केरळात काही भागांत ब्रुगिया मलायी हा त्याचा भाऊबंद आढळतो. प्रौढ मादी ८ ते १० सेंटिमीटर लांब आणि पाव मिलिमीटर जाड असते, नर तिच्या निम्म्याहून लहान. ही जोडी माणसाच्या लसीकावाहिन्यांत, म्हणजे अंगातला पाण्यासारखा द्रव परत रक्ताकडे नेणाऱ्या नळ्यांत, घर करते आणि तिथे ५ ते ८ वर्षं जगते. या काळात मादी लाखो सूक्ष्म पिल्लं रक्तात सोडते. त्यांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास चावला की ती त्याच्या शरीरात जातात, साधारण दोन आठवड्यांत तिथे वाढतात आणि पुढच्या माणसात शिरायला तयार होतात.

प्रौढ कृमींच्या वास्तव्यामुळे लसीकावाहिन्या फुगतात, त्यांच्या झडपा निकामी होतात, द्रव साचतो. पाय सुजणं, अंडवृद्धी, वरचेवर येणारा थंडीताप हे सगळं त्यातून येतं, पण बऱ्याच वर्षांनी. संसर्ग झालेल्या कित्येकांना बाहेरून काहीही जाणवत नाही आणि तरीही त्यांच्या रक्तातून डास पिल्लं उचलत राहतात. "मला काही झालेलं नाही" असं म्हणणाऱ्यालाही गोळ्या द्याव्या लागतात त्या यासाठी.

रक्त रात्रीच का घेतात?

मायक्रोफायलेरिया दिवसा फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत थांबतात आणि रात्री १० ते २ च्या सुमारास बाहेरच्या रक्तात येतात. क्युलेक्स डास चावतो तीही हीच वेळ. म्हणून रात्र चिकित्सालयं आहेत आणि पथकं रात्री वस्तीत फिरतात. आता बोटातल्या थेंबावर चालणारी पट्टीचाचणीही आहे. ती प्रौढ कृमीने रक्तात सोडलेला पदार्थ ओळखते आणि दिवसाही करता येते. औषध-संशोधनात या दोन तपासण्यांतला फरक फार महत्त्वाचा ठरतो, कारण एक पिल्लं मेली का ते सांगते आणि दुसरी मोठे कृमी जिवंत आहेत का ते.

आपण घेतो ती औषधं आली कुठून?

डीईसी, इव्हरमेक्टिन आणि अल्बेंडाझोल या तिन्ही औषधांच्या कहाण्या वेगवेगळ्या आहेत. डीईसीची कहाणी भारतीयांनी आवर्जून माहीत करून घ्यावी अशी आहे.

दुसऱ्या महायुद्धात दक्षिण पॅसिफिक बेटांवर लढणाऱ्या हजारो अमेरिकी सैनिकांना या कृमींचा संसर्ग झाला. त्या काळी हाताशी होती ती आर्सेनिक आणि अँटिमनीची विषारी औषधं. न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधनाचं नेतृत्व तेव्हा यल्लाप्रगडा सुब्बाराव करत होते. जन्म १८९५, आंध्रातल्या भीमावरमचा. त्यांच्या गटाने एकामागून एक संयुगं कॉटन रॅट या उंदरांवर तपासली. या उंदरांत मानवी कृमीचा एक नातेवाईक नैसर्गिकपणे आढळतो. पायपेरेझिनपासून बनवलेल्या संयुगांपैकी एकाने उंदरांच्या रक्तातली पिल्लं झपाट्याने नाहीशी केली. तेच डायइथाइलकार्बामाझिन, म्हणजे आपली डीईसी. १९४७ मध्ये ते जाहीर झालं आणि १९४८ मध्ये सुब्बाराव गेले. आज जागतिक आरोग्य संघटनेमार्फत देशोदेशी मोफत जाणाऱ्या डीईसीच्या गोळ्या आयसाय ही जपानी कंपनी विशाखापट्टणमच्या कारखान्यात बनवते. सुब्बारावांच्या आंध्रातच हे औषध आज तयार होतं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

डीईसीत एक कोडं मात्र उरलं आहे. काचेच्या भांड्यात मायक्रोफायलेरिया ठेवून त्यावर उपचाराच्या प्रमाणातली डीईसी टाकली तर फारसं काही होत नाही. माणसाच्या शरीरात मात्र ती काही तासांत परिणाम करते. म्हणजे तिला शरीराच्या प्रतिकारशक्तीची साथ लागते. ही साथ नेमकी कशी मिळते यावर अजून काम चालू आहे. संशोधनाच्या दृष्टीने हा मोठा धडा होता. भांड्यातल्या चाचणीवरच विसंबून राहिले असते तर डीईसी कधीच सापडली नसती.

इव्हरमेक्टिन मातीतून आलं. जपानमधल्या सातोशी ओमुरा यांना शिझुओका प्रांतातल्या मातीच्या नमुन्यात स्ट्रेप्टोमायसिस जातीचा एक जिवाणू मिळाला. मर्क कंपनीत विल्यम कॅम्पबेल यांच्या गटाने त्यातून कृमी मारणारं द्रव्य वेगळं केलं. १९८१ मध्ये ते जनावरांसाठी बाजारात आलं, माणसांसाठी १९८७ मध्ये. दोघांना २०१५ चं नोबेल मिळालं. हे औषध कृमीच्या मज्जातंतूंतल्या क्लोराइडच्या वाटा उघड्या ठेवतं आणि कृमी लुळा पडतो.

अल्बेंडाझोल तर शाळेतल्या जंतनाशक दिनामुळे घराघरांत ओळखीचं आहे. तेही आधी गुरामेंढ्यांचंच औषध.

मग अडचण कुठे आहे?

ही औषधं पिल्लांवर जोरदार चालतात, मोठ्या कृमींवर अर्धवट.

डीईसी काही प्रौढ कृमी मारते, सगळे नाही. इव्हरमेक्टिनच्या एका मात्रेने प्रौढ कृमी मरत नाही, पिल्लं साफ होतात आणि मादीची वीण काही काळ थंडावते. काही महिन्यांनी ती पुन्हा पिल्लं सोडू लागते. म्हणून रणनीती अशी ठरली की मादी आहे तोवर दरवर्षी रक्त साफ करायचं, म्हणजे डासाला उचलायला काही मिळणार नाही आणि शेवटी मादी वय होऊन मरेल. प्रौढ कृमीचं आयुष्य पाच-आठ वर्षांचं, म्हणून किमान पाच वर्षं वाटप. त्यातही एकूण लोकसंख्येपैकी निदान ६५ टक्के लोकांनी खरोखर गोळ्या गिळल्या पाहिजेत. पाकीट हातात घेतलं आणि खिडकीत ठेवून दिलं, तर कागदावर वाटप होतं पण रक्तात काही बदलत नाही. इतकी वर्षं वाटूनही रोग काही तालुक्यांत टिकून राहण्याचं मोठं कारण हेच आहे.

प्रौढ कृमी थोड्या दिवसांत, सुरक्षितपणे मारणारं औषध असतं तर ही वर्षानुवर्षांची कसरत करावी लागली नसती. सगळ्या संशोधनाचा रोख या एका गोष्टीवर आहे.

तीन औषधं एकत्र द्यायला कधी सुरुवात झाली? त्याने काय बदललं?

नवं संयुग हाती नसताना संशोधकांनी जुन्याच औषधांची नवी सांगड घालून पाहिली आणि ती फार यशस्वी ठरली. पापुआ न्यू गिनीतल्या चाचणीत इव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल एकदाच एकत्र दिल्यावर वर्षभराने ९६ टक्के लोकांच्या रक्तात एकही मायक्रोफायलेरिया सापडला नाही. डीईसी आणि अल्बेंडाझोल ही दोनच औषधं एकदा दिलेल्या गटात हे प्रमाण ३२ टक्के होतं. तीन औषधांनंतर प्रौढ माद्या बराच काळ वांझ राहतात असं यावरून दिसतं.

मग सुरक्षिततेचा प्रश्न आला. भारत, फिजी, हैती, इंडोनेशिया आणि पापुआ न्यू गिनी इथे मिळून २६ हजारांहून जास्त लोकांवर अभ्यास झाला. आपल्याकडचं केंद्र कर्नाटकातलं यादगीर होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली. भारतात ती ज्या पहिल्या पाच जिल्ह्यांत आली त्यांत बिहारमधलं अरवल, झारखंडमधलं सिमडेगा, उत्तर प्रदेशातलं वाराणसी, यादगीर आणि आपलं नागपूर होतं. नागपुरात जानेवारी २०१९ मध्ये सुरुवात झाली. पाच फेऱ्यांऐवजी दोन-तीन चांगल्या फेऱ्यांत काम भागेल ही आशा यामागे आहे. देशाने उद्दिष्ट २०२७ चं ठेवलं आहे, जगाच्या २०३० च्या आधीचं.

हीच पद्धत आफ्रिकेत सगळीकडे का वापरत नाहीत?

तिथे आणखी दोन कृमी आहेत. नदीकाठच्या काळ्या माश्यांमुळे पसरणाऱ्या आणि नदी-अंधत्व आणणाऱ्या ऑन्कोसर्काचा संसर्ग असलेल्या माणसाला डीईसी दिली तर त्वचेवर आणि डोळ्यांत तीव्र प्रतिक्रिया येते, दृष्टीला धोका होतो. मध्य आफ्रिकेतल्या लोआ लोआ कृमीची पिल्लं रक्तात फार असतील तर इव्हरमेक्टिननेही मेंदूवर गंभीर परिणाम होऊ शकतो. भारतात हे दोन्ही रोग नाहीत, म्हणून आपल्याला तिन्ही औषधं एकत्र वापरता येतात. आफ्रिकेतल्या गावांना ती सोय नाही आणि प्रौढ कृमीवरच्या नव्या संयुगाची सर्वांत निकड आहे ती त्यांना.

प्रौढ कृमी मारणारं औषध अजून का सापडलं नाही?

याची कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिलं कारण प्रयोगशाळेतलं. वुचेरेरिया उंदीर, ससा, गिनीपिग अशा नेहमीच्या प्राण्यांत वाढतच नाही. त्याला माणूसच लागतो. त्यामुळे संशोधक ब्रुगिया मलायी वापरतात. ती जर्ड आणि मॅस्टोमिस या कृंतकांत वाढवता येते. शिवाय उंदरांतली लिटोमोसोइडिस ही जात आहे. पण ब्रुगियावर चाललेलं औषध वुचेरेरियावर चालेलच अशी खात्री नसते. एका प्रयोगासाठी डासांत अळ्या तयार करा, त्या प्राण्यांत सोडा, प्रौढ व्हायला महिने थांबा, मग औषध द्या, मग पुन्हा थांबा. जिवाणूंवर ज्या वेगाने हजारो संयुगं तपासता येतात तो वेग इथे शक्य नाही. १९४७ मध्ये डीईसी सापडली तीही एका नातेवाईक कृमीवरच, हे लक्षात घेतलं की या प्राण्यांचं मोल कळतं.

दुसरं कारण कृमी मेल्यावर जे होतं त्यात आहे. लसीकावाहिनीत दहा सेंटिमीटरचा कृमी एकदम मेला तर तिथे सूज, गाठ, वेदना आणि ताप येतो. कुत्र्यांच्या हृदयातल्या कृमींसाठी आर्सेनिकयुक्त मेलार्सोमाइन वापरतात, पण ते माणसाला देण्याजोगं नाही. सुरामिन हे १९१६ पासूनचं औषध ऑन्कोसर्काच्या प्रौढांवर चालतं, पण मूत्रपिंडाला त्रास देतं. फ्लुबेंडाझोलची सुई प्रौढ कृमींवर अत्यंत प्रभावी ठरली होती, मात्र सुईच्या जागी इतका दाह व्हायचा की ते मागे पडलं. पुढे तोंडावाटे घेण्याजोगं रूप तयार झालं, पण पेशींतल्या जनुकांना इजा होण्याची शक्यता दिसल्यामुळे तेही थांबवलं. औषध हवंय ते निरोगी वाटणाऱ्या कोट्यवधी लोकांना गावात, घरात, डॉक्टरविना देता येईल असं. कर्करोगाच्या औषधात आपण जे दुष्परिणाम सोसतो त्यांतला एकही इथे चालत नाही.

तिसरं कारण पैशाचं आहे आणि ते मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं. जगभरात सुमारे २.५ कोटी पुरुषांना अंडवृद्धी आणि १.५ कोटींहून जास्त लोकांना हातापायाची सूज या रोगामुळे आहे, असा अंदाज वर्षानुवर्षं दिला जातो. ही माणसं गरीब देशांतली आणि त्यांतही गरीब वस्त्यांतली आहेत. एकदा घ्यायचं, तेही फुकट मिळणारं औषध बनवण्यात कंपनीला नफा नाही. जनावरांच्या औषधांना बाजार आहे, म्हणून कृमींवरची बहुतेक नवी संयुगं आधी गोठ्यासाठी किंवा पाळीव प्राण्यांसाठी निघाली आणि मग माणसापर्यंत पोहोचली. ही पोकळी भरण्यासाठी २००३ मध्ये डीएनडीआय ही ना-नफा संस्था उभी राहिली. आज या रोगांवरचं बरंचसं काम अशा संस्था, विद्यापीठं आणि दानाच्या पैशांवर चाललं आहे.

वोल्बाकिया म्हणजे काय?

या क्षेत्रातला गेल्या काही दशकांतला सर्वांत आशादायक शोध.

१९७० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे कृमी पाहताना त्यांच्या पेशींत जिवाणूंसारखे कण दिसले होते. तेव्हा त्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. १९९० च्या दशकात कळलं की ते कीटकांत आढळणारे वोल्बाकिया जातीचे जिवाणू आहेत आणि कृमीला त्यांच्याशिवाय जगता येत नाही. २००५ मध्ये या जिवाणूची आणि २००७ मध्ये ब्रुगिया मलायीची जनुकसंहिता प्रसिद्ध झाली. हीम, रायबोफ्लेविन असे जे पदार्थ कृमी स्वतः बनवू शकत नाही ते बनवण्याची सोय या जिवाणूकडे आहे, हे त्यातून दिसलं.

मग कृमीऐवजी त्याच्या आतल्या जिवाणूवरच औषध का देऊ नये? टेट्रासायक्लिन गटातलं डॉक्सीसायक्लिन त्यासाठी हाताशी होतंच. टांझानियातल्या चाचणीत आठ आठवडे डॉक्सीसायक्लिन घेतलेल्या पुरुषांच्या सोनोग्राफीत वर्षभराने बहुतेकांत जिवंत प्रौढ कृमी दिसले नाहीत. रोज २०० मिलिग्रॅम, चार ते सहा आठवडे हा उपचार पुढे रूढ झाला. मादीची वीण आधी थांबते आणि कृमी हळूहळू मरतो. सावकाश मरत असल्याने शरीरात तीव्र प्रतिक्रिया येत नाही, आणि लोआ लोआत वोल्बाकिया नसल्यामुळे आफ्रिकेतला तो धोकाही टळतो.

अडचण कालावधीची. गावभर लोकांना महिनाभर रोज गोळी देणं कोणत्याही आरोग्य यंत्रणेला झेपणारं नाही. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना हे औषध देत नाहीत. त्यामुळे ते एकेका रुग्णासाठी उपयोगी, मोहिमेसाठी नाही.

सध्या कोणती संयुगं आघाडीवर आहेत?

वोल्बाकियावर आठवड्याभरात किंवा त्याहून लवकर काम करेल असं संयुग शोधण्यासाठी लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत २००७ मध्ये एक मोठा प्रकल्प सुरू झाला. अॅस्ट्राझेनेका कंपनीच्या संग्रहातली १३ लाख संयुगं यंत्रमानवी पद्धतीने तपासली गेली. या तपासणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. वोल्बाकिया डॉक्सीसायक्लिनपेक्षा खूप लवकर, दोन दिवसांच्या आत मारणारे काही नवे रासायनिक सांगाडे त्यातून मिळाले. सांगाडा मिळणं म्हणजे औषध मिळणं नव्हे, पण पूर्वी अशी सुरुवातही हाती नव्हती. दुसऱ्या बाजूने, पशुवैद्यकातल्या टायलोसिन प्रतिजैविकात बदल करून बनवलेलं फ्लुबेंटायलोसिन माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलं. उंदरांत रिफाम्पिसिन आणि अल्बेंडाझोल एकत्र दिल्यावर उपचार आठवड्यावर आणता आला, हाही एक निष्कर्ष आहे.

थेट कृमीवर काम करणाऱ्यांत इमोडेप्साइडचं नाव आधी घ्यावं लागेल. जपानमध्ये कॅमेलिया झुडपाच्या पानांवरच्या बुरशीतून मिळालेल्या द्रव्यापासून ते बनवलं आहे आणि मांजरांच्या जंतांवर बरीच वर्षं वापरात आहे. ते कृमीच्या स्नायू-मज्जातंतूंतल्या पोटॅशियमच्या वाटा उघडतं. इव्हरमेक्टिनहून ही वाट वेगळी, म्हणून त्याचं महत्त्व. डीएनडीआय आणि बायर यांनी २०१४ पासून माणसासाठी त्याचा विकास चालवला आहे. टांझानियातल्या पेंबा बेटावर आतड्यातल्या व्हिपवर्म आणि हुकवर्मवर त्याचे चांगले निकाल आले. घानात नदी-अंधत्वाच्या रुग्णांत त्याची चाचणी घेतली गेली. हत्तीरोगासाठी ते किती उपयोगी पडेल हे स्वतंत्रपणे सिद्ध व्हायचं आहे. ऑक्सफेंडाझोल हे गुरांचं औषधही निरोगी स्वयंसेवकांवरच्या पहिल्या चाचण्यांतून गेलं आहे.

मॉक्सिडेक्टिनला अमेरिकेत नदी-अंधत्वासाठी २०१८ मध्ये मान्यता मिळाली. ते इव्हरमेक्टिनच्याच कुळातलं, पण शरीरात कितीतरी जास्त दिवस टिकतं. हत्तीरोगासाठी त्याच्या चाचण्या आयव्हरी कोस्टमध्ये झाल्या. प्रौढ कृमी तेही मारत नाही, मात्र पिल्लांना जास्त काळ रोखून धरतं. या सगळ्यांत गावपातळीवर लवकरात लवकर कामी येईल ते मॉक्सिडेक्टिनच, असं माझं मत आहे.

औषधाने प्रौढ कृमी मेला हे माणसात कसं कळतं? आत तर दिसत नाही.

दिसतो. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातल्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं की अंडकोशाजवळच्या फुगलेल्या लसीकावाहिनीत जिवंत कृमींची सततची वळवळ सोनोग्राफीवर स्पष्ट दिसते. औषधाआधी वळवळ दिसली आणि काही महिन्यांनी त्याच जागी ती थांबलेली आढळली, तर कृमी मेला. जोडीला पट्टीचाचणीतला पदार्थ कमी होतो का तेही पाहतात. स्त्रियांमध्ये कृमींची घरटी सोनोग्राफीवर इतक्या सहज सापडत नाहीत, म्हणून बऱ्याच चाचण्या पुरुषांवर झाल्या आहेत. ही उणीव पुढच्या अभ्यासांत भरून निघायला हवी.

भारतात यावर संशोधन होतं का?

होतं, आणि जुनं आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने ब्रुगिया मलायीचं संपूर्ण जीवनचक्र प्राण्यांत आणि डासांत चालू ठेवलं आहे. ही सोय देशात फार थोड्या ठिकाणी आहे. डीईसीच्या धर्तीवरचं सेंटपेराझिन तिथेच बनलं. पुदुच्चेरीची आयसीएमआरची डास संशोधन संस्था औषधवाटपाच्या पद्धती आणि सुरक्षिततेवर काम करते. महाराष्ट्रात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्राने या रोगाच्या निदानावर दीर्घकाळ काम केलं आहे. विदर्भातलेच रुग्ण, विदर्भातलीच संस्था. असं आणखी व्हायला हवं.

झाडपाल्यात यावर औषध नाही का?

शोध चालू आहे आणि त्यात एक ओळखीचं झुडूपही आहे. आपल्या माळरानांवर माजलेल्या घाणेरीच्या अर्कावर लखनौच्या संस्थेत प्रयोग झाले. ब्रुगिया मलायीवर त्याचा परिणाम दिसला आणि त्यातली ओलिअॅनोनिक आम्लासारखी द्रव्यं वेगळी केली गेली. खारफुटीतल्या एका झाडापासून मिळालेल्या गेड्युनिन या द्रव्यावरही असंच काम झालं.

पण कृपया याचा अर्थ घाणेरीचा काढा प्यावा असा घेऊ नका. हे झुडूप खाल्ल्याने गुरं आजारी पडतात, दगावतात. काचेच्या भांड्यात कृमी मारणारी शेकडो द्रव्यं निघतात. त्यांतली बहुतेक पोटातून रक्तात पोहोचत नाहीत किंवा यकृताला सोसत नाहीत. वनस्पतीतलं द्रव्य वेगळं करून, मोजून, प्राण्यांत तपासून पुढे नेणं हाच खरा रस्ता.

इव्हरमेक्टिन म्हणजे कोविडमध्ये लोक घेत होते तेच ना?

तेच. कोविडवर मोठ्या चाचण्यांत त्याचा उपयोग दिसला नाही. कृमींवर त्याचा उपयोग कित्येक दशकं सिद्ध आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

डीईसी मिठात मिसळून दिली तर?

ही कल्पना फ्रँक हॉकिंग या ब्रिटिश शास्त्रज्ञाने मांडली आणि १९६० च्या दशकात ब्राझीलमध्ये करून पाहिली. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचे ते वडील. चीनने डीईसीयुक्त मीठ मोठ्या प्रमाणावर वापरलं आणि २००७ मध्ये तिथून हत्तीरोग हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. थोडी मात्रा रोज पोटात गेल्याने त्रास जवळपास होत नाही. पण गावात तेवढं एकच मीठ विकलं गेलं पाहिजे आणि ते महिनोन्‌महिने, हे आपल्या बाजारात अवघड आहे. बेटांवर आणि दूरच्या वस्त्यांत याचा पुन्हा विचार करायला हरकत नसावी.

सुजलेला पाय औषधाने पूर्ववत होईल का?

जुनी, टणक झालेली सूज गोळ्यांनी जात नाही, कारण वाहिन्यांचं नुकसान आधीच झालेलं असतं. घानातल्या एका चाचणीत डॉक्सीसायक्लिनने सुरुवातीच्या टप्प्यातली सूज कमी झाल्याचं २०१२ मध्ये दिसलं. नंतरच्या चाचण्यांत औषधाचा वेगळा फायदा सगळीकडे ठळक दिसला नाही. पाय रोज साबणाने धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणं, भेगांना मलम लावणं, पाय उंच ठेवणं याचा फायदा मात्र होतोच. त्याने तापाचे झटके कमी होतात आणि सूज वाढायची थांबते. अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया आहे, ती करून घ्यावी. लाज वाटून घरात बसून राहणाऱ्या माणसांना हे कोणीतरी सांगायला हवं.

गोळ्या घेतल्या आणि ताप आला. औषध वाईट आहे का?

बहुधा तुमच्या रक्तात मायक्रोफायलेरिया होते आणि ते मरत आहेत. ताप, डोकेदुखी, अंगदुखी, मळमळ, चक्कर ही त्या मेलेल्या पिल्लांवरची शरीराची प्रतिक्रिया असते आणि सहसा दोन दिवसांत ओसरते. रक्तात पिल्लं जितकी जास्त तितका त्रास जास्त. उपाशीपोटी गोळ्या घेऊ नका. त्रास वाढला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, मोहिमेच्या दिवसांत तिथे पथक तयार असतं.

कृमींना औषधांची सवय लागेल का?

मेंढ्यांच्या कृमींत अल्बेंडाझोल आणि इव्हरमेक्टिन दोन्ही निकामी झाल्याची उदाहरणं जगभर आहेत. बकऱ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. हत्तीरोगात अशी वेळ आलेली नाही. पण जगभरात २००० पासून या रोगासाठी ९०० कोटींहून जास्त मात्रा वाटल्या गेल्या आहेत, आणि इतक्या मोठ्या वापरात तीनच औषधांवर कायम भिस्त ठेवणं धोक्याचं आहे. वेगळ्या वाटेने काम करणाऱ्या संयुगांची गरज त्यासाठीही आहे.

नव्या औषधाची वाट पाहायची की आहेत त्याच गोळ्या घ्यायच्या?

आहेत त्याच घ्यायच्या. श्रीलंकेने २०१६ मध्ये आणि बांगलादेशाने २०२३ मध्ये हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवला, तो याच जुन्या औषधांनी. नवं संयुग प्राण्यांतून माणसांत, माणसांतून गावांत यायला दशकभर लागतं. तेवढ्यात आपल्या गावातल्या पोरांच्या लसीकावाहिन्यांत नवे कृमी वाढलेले असतील.

कोणी घेऊ नयेत?

दोन वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी व्यक्ती यांनी कोणतीच गोळी घ्यायची नाही. जिथे तीन औषधांची मोहीम आहे तिथे पाच वर्षांखालच्या किंवा ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना आणि बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात स्तनपान करणाऱ्या मातांना इव्हरमेक्टिन देत नाहीत. मधुमेह किंवा रक्तदाबाची नेहमीची औषधं चालू असतील तर फक्त तेवढ्यासाठी नकार देऊ नका, आशाताईंना तसं सांगा. डीईसीची मात्रा वयावरून आणि इव्हरमेक्टिनची उंचीवरून ठरते, म्हणून त्यांच्याकडे उंची मोजायची पट्टी असते. गोळ्या त्यांच्या समोरच घ्या, अल्बेंडाझोल चावून आणि बाकीच्या पाण्याबरोबर.